चौदा एमएम आणि टेपचा तुकडा

ऑटोफोकस नसलेली लेन्स वापरतो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मग फोकस कसा जमतो?" त्यावर मी जेजुरीचे फोटो दाखवतो. ते बघून झाले की प्रश्न बदलतो, "अरे, एवढ्या गर्दीत एवढ्या जवळ कसा घुसलास?" खरा प्रश्न हा दुसराच. अल्ट्रा-वाईड, म्हणजे फार रुंद कोन टिपणाऱ्या लेन्सवर फोकस ही सगळ्यात सोपी गोष्ट आहे. कुठे उभं राहायचं, किती जवळ जायचं आणि कॅमेरा किती सरळ धरायचा, यात सगळी मेहनत जाते.

माझी लेन्स १४ एमएम, एफ/२.८. एमएमचा आकडा म्हणजे फोकल लेंथ, तो जितका लहान तितका कोन रुंद. एफचा आकडा ॲपर्चरचा, म्हणजे प्रकाश आत येण्याच्या छिद्राचा, तो जितका लहान तितकं छिद्र मोठं. मिररलेसवर (आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यावर) गेलेल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून पुण्यात सेकंडहँड घेतली, अठरा हजारांना. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या वर्गातल्या लेन्स थोड्याफार फरकाने सारख्याच वागतात. निकॉनची १४-२४ एफ/२.८ घ्यायची तर नवीन लाखाच्या वर जाते, वजन किलोभर. माझी त्याच्या निम्म्या वजनाची. ऑटोफोकस आणि झूम सोडून द्यायची तयारी असली की किंमत अशी खाली येते.

कॅमेरा निकॉन डी७५०, म्हणजे फुलफ्रेम, ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरचा. त्यावर १४ एमएमचा आडवा कोन १०४ अंशांच्या आसपास येतो. २४ एमएमला तो ७४ अंश असतो. आकड्यात हा फरक किरकोळ वाटतो, पण व्ह्यूफाइंडरला डोळा लावल्यावर आपल्याच बुटांची टोकं दिसायला लागतात. क्रॉप, म्हणजे त्याहून लहान सेन्सरचा कॅमेरा असेल तर मात्र घेण्याआधी विचार करा. तिथे ही लेन्स २१ एमएमसारखी दिसते. बरी असते, पण तेवढी वाईड राहत नाही. त्या कॅमेऱ्यांसाठी १० किंवा ११ एमएम बघावी.

निकॉनवाल्यांसाठी एक बारीक गोष्ट. माझ्या लेन्समध्ये चिप आहे आणि वर ॲपर्चरची रिंगही आहे. ती रिंग २२ वर नेऊन ठेवायची आणि विसरून जायचं, ॲपर्चर कॅमेऱ्याच्या चाकावरून बदलतं. रिंग चुकून हलली की पडद्यावर 'एफईई' लुकलुकतं आणि शटर दबत नाही. बॅगेतून काढताना रिंग हलतेच. म्हणून तिथेही मी टेप लावून टाकली आहे.

आता फोकस. १४ एमएमवर एफ/८ ठेवलं आणि फोकस ८३ सेंटिमीटरवर नेला, तर साधारण ४१ सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं. या ८३ सेंटिमीटरलाच हायपरफोकल अंतर म्हणतात. गणित सोपं आहे: फोकल लेंथचा वर्ग, भागिले ॲपर्चर आणि सेन्सरवरचा खपून जाईल एवढा धूसर ठिपका यांचा गुणाकार, आणि उत्तरात पुन्हा एकदा फोकल लेंथ मिळवायची. फुलफ्रेमला तो ठिपका ०.०३ मिमी धरतात. पण हा आकडा फार मोठ्या प्रिंटसाठी ठरवलेला नाही. २४ मेगापिक्सेलची फाइल पडद्यावर शंभर टक्क्यांना उघडली की लांबचे डोंगर किंचित मऊ दिसतात. म्हणून मी ८३ च्या ऐवजी सरळ एक मीटर धरतो. जवळची बाजू ४५ सेंटिमीटरवर सरकते, म्हणजे गेले चार सेंटिमीटर. तेवढ्याने काही बिघडत नाही.

हा एक मीटर लेन्सच्या स्केलवर कुठे येतो हे घरी बसून शोधून ठेवायचं. स्केलवरच्या आकड्यावर विसंबू नये. मॅन्युअल लेन्स हातोहात फिरलेली असते, आणि छापलेला अनंताचा आडवा आठ (म्हणजे फार लांबचं सगळं) व खरं अनंत यांची गाठ पडेलच असं नाही. मी केलं ते असं: भिंतीला वर्तमानपत्राचं पान चिकटवलं, टेलरकडची मोजपट्टी घेतली, आणि कॅमेऱ्याच्या डोक्यावर वर्तुळातून रेघ गेलेली खूण असते तिथून बरोबर एक मीटर मोजलं. सेन्सर त्या खुणेच्या पातळीत असतो, अंतर तिथून धरतात, लेन्सच्या काचेपासून नाही. मग लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर थेट चित्र), जास्तीत जास्त झूम, ॲपर्चर पूर्ण उघडं, आणि छोट्या जाहिरातींची अक्षरं धारदार होईपर्यंत रिंग फिरवली. तिथे पांढऱ्या टेपचा तुकडा आणि त्यावर पेनाने रेघ. दुसरी रेघ अनंताची. ती रात्री गच्चीवर जाऊन लांबच्या मोबाइल टॉवरच्या लाल दिव्यावर लावली. या दोन रेघांवर माझं निम्मं काम चालतं.

व्ह्यूफाइंडरमधला फोकस लागल्याचा हिरवा ठिपका या लेन्सवर फारसा कामाचा नाही. रिंग बरीच फिरवली तरी तो पेटलेलाच राहतो, कारण इतक्या वाईड कोनात कॅमेऱ्याला सगळंच जुळल्यासारखं वाटतं. फोकस लागलेल्या कडा रंगवून दाखवणारं फोकस पीकिंगही डी७५०ला नाही. मिररलेसवाल्यांचं हे काम बरंच सोपं झालंय.

टेपवरच्या रेघेचं खरं चीज जेजुरीला झालं. सोमवती अमावस्येला खंडोबाची पालखी गडावरून कऱ्हा नदीवर स्नानाला निघते. पालखी उचलली की जो भंडारा उधळतात त्यात समोरचा माणूस दिसेनासा होतो. ऑटोफोकसवाले मित्र तिथे वैतागतात. हवेत पिवळी पूड, मधे हात, मधे खोबऱ्याचे तुकडे, लेन्स पुढेमागे गुरगुरत बसते आणि तोवर पालखी पुढे निघून जाते. मी एफ/८, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४००, शटर १/१००० आणि रिंग एक मीटरच्या रेघेवर ठेवून वर टेप मारली होती. त्यानंतर दिवसभर फोकसला हात लावला नाही. कॅमेरा डोक्यावर धरा, पोटाशी धरा, कुणाच्या काखेतून पुढे काढा, हातभर अंतरापासून पुढचं सगळं धारदार.

पण तसं नुसतं धरून चांगला फोटो येत नाही. पायऱ्यांच्या कठड्यावर चढून वरून काढलेले माझे बरेच फोटो फुकट गेले. तिथून १४ एमएमने सगळं टिपलं खरं, पण पालखी आगपेटीएवढी, दीपमाळा काड्यांएवढ्या आणि बाकी सगळं पिवळं. या लेन्सला जे जवळ आहे तेच मोठं दिसतं, तीन-चार मीटरवरचं लगेच लहान होतं. म्हणून खाली उतरून गर्दीत शिरलो. भंडाऱ्याची पिशवी कमरेला खोचलेले एक मामा मूठ वर नेत होते. त्यांच्या कोपरापासून अर्ध्या मीटरवर लेन्स नेली. आता मूठ पुढे ठळक, बोटांच्या फटींतून सांडणारी हळद कणाकणाने दिसणारी, आणि मागे दगडी कमान, दीपमाळ, हजार माणसं. मामांनी माझ्याकडे बघितलं आणि "घ्या, तुम्हालाबी!" म्हणून उरलेली मूठ माझ्या डोक्यावर रिकामी केली. फोटोतले मामा त्यामुळेच हसताना आलेत. सदानंदाचा येळकोट!

इथे लेन्सच्या काचेबद्दल सांगायला हवं. पुढची काच बाहेर फुगलेली असते आणि भोवतीचं हूड पक्कं बसवलेलं, काढता येत नाही. साधा स्क्रू-फिल्टर लावायची सोयच नाही, म्हणजे संरक्षण शून्य. भंडारा त्या फुगवट्यावर येऊन बसणारच. हात लगेच रुमालाकडे जातो, तो आवरायचा. आधी रबरी ब्लोअरने हवा मारायची, मग मऊ ब्रश, आणि कापड सगळ्यात शेवटी, तेही घरी आल्यावर. कॅमेऱ्याला दुधाच्या जाड पिशवीचं आवरण आणि लेन्सभोवती रबरबँड. गर्दीत लेन्स बदलायचं नाव काढायचं नाही. एकदा पिवळी पूड सेन्सरवर गेली की सर्व्हिस सेंटरची पायरी चढावी लागते.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर वेगळाच प्रश्न येतो. कडा आतल्या बाजूला वाटीसारखा वळलेला. २४ एमएममध्ये तो अख्खा मावत नाही, लोक पाच-सहा फोटो जोडून पॅनोरमा करतात. १४ मध्ये एका फोटोत मावतो, पण मावला की त्याची खोली जाते. खाली बघून पोटात गोळा येतो तो कडा फोटोत एखाद्या खाणीच्या तोंडासारखा दिसतो. उपाय म्हणजे पुढे काहीतरी हवं. कारवीचं झुडूप, कड्यावर पालथं झोपून खाली डोकावणारा मित्र, नाहीतर नुसता भेगाळलेला कातळ. मित्र असला तर प्रमाण कळतं, आणि त्याच्या डोक्यापलीकडची पोकळी मग खरी वाटते. कॅमेरा उभा धरला तर अजून बरं, कातळाचा पोत पायापासून सुरू होतो.

आणि हे ठळक लिहितो: व्ह्यूफाइंडरला डोळा लावून पाऊल उचलायचं नाही. या लेन्समधून कड्याची धार आहे त्यापेक्षा बरीच लांब दिसते. अजून चार पावलं आहेत असं वाटतं तिथे एकच असतं. आधी जागा बघायची, बूड टेकायचं, मग डोळा लावायचा.

सूर्य कोकणात उतरताना एफ/१६ ला सूर्याभोवती किरणांची चांदणी येते. माझ्या लेन्सच्या ॲपर्चरला सहा पाती आहेत, म्हणून सहा टोकं. पाती विषम असती तर टोकं दुप्पट झाली असती. सूर्य फ्रेममध्ये घेतला की हिरवे-जांभळे फ्लेअरचे ठिपकेही येतात. सूर्य कड्याच्या रेषेआड अर्धा लपवला की ते कमी होतात.

सगळ्यात जास्त वेळ मी खिद्रापूरला घालवला. शिरोळ तालुक्यात कृष्णेकाठी कोपेश्वराचं देऊळ आहे, शिलाहारांच्या काळातलं. बाहेर देवळाच्या चौथऱ्यावर हत्तींची रांग आहे, ती ९२ हत्तींची सांगतात. माझं काम मात्र पुढच्या स्वर्गमंडपात होतं. ४८ खांबांच्या या मंडपाला मधोमध छतच नाही. साधारण तेरा फुटांचा गोल उघडा ठेवलाय, आणि त्याच्या बरोबर खाली जमिनीत तेवढीच गोल शिळा. खाली उभं राहून मान वर केली की आकाशाची चकती आणि भोवती कोरलेल्या खांबांचं कडं दिसतं. साध्या लेन्समध्ये एक तर गोल येतो नाहीतर खांब येतात. दोन्ही एकत्र घ्यायचे तर कॅमेरा खाली ठेवून तोंड आभाळाकडे करायचं.

संरक्षित स्मारकात ट्रायपॉडला परवानगी लागते. म्हणून रखवालदारांना विचारून कॅमेरा घडी केलेल्या टॉवेलवर पाठीवर ठेवला. आता पडदा जमिनीकडे, दिसणार काहीच नाही. फ्रेमचा मध्य गोलाच्या मध्याशी जुळवायचा तर एक फोटो काढा, उचलून बघा, दोन बोटं सरकवा, पुन्हा काढा. गोल जरा जरी बाजूला गेला तरी एका बाजूचे खांब फताडे आणि दुसऱ्या बाजूचे खुजे दिसतात. मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप लेन्सच्या टोपीवर ठेवून कॅमेरा सपाट केला, तेव्हा काम आटोक्यात आलं.

दुसरी गंमत म्हणजे टायमर लावून आपण पळायचं कुठे. वर तोंड केलेल्या या लेन्समध्ये फ्रेमच्या लांब बाजूला साडेपाच फुटी माणूस सव्वादोन मीटरच्या आत उभा असला तर डोक्यासकट येतो. आखूड बाजूला मात्र दीड मीटरवर सुटका होते. त्यामुळे दहा सेकंदांचा टायमर दाबायचा आणि आखूड बाजूने खांबाआड जायचं. तेव्हा एक आज्जी दर्शन करून बाहेर आल्या होत्या. मी परत परत गुडघ्यावर वाकतोय, पळतोय, पुन्हा येऊन वाकतोय, हे त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, "लेकरा, नवस बोललायस काय रं?"

प्रकाशाचा तिढा राहतोच. गोलातलं आभाळ लख्ख आणि खांबांवर सावली, एका फोटोत दोन्ही बसत नाही. मी एक योग्य, दुसरा दोन स्टॉप कमी, तिसरा दोन स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट) असे तीन काढून घरी जोडले. पातळ ढग असताना हा फरक कमी जाणवतो, म्हणून निरभ्र दुपारपेक्षा ढगाळ सकाळ पत्करली. उन्हात शिळेवर पडणारा प्रकाशाचा गोल बघायला सुंदर असतो, पण तो फोटो वेगळा, तो उभं राहूनच काढायचा.

देवळं, वाडे यांसाठी ही लेन्स घेणाऱ्यांना एक सूचना. सरळ रेषा सरळ येतील अशी अपेक्षा ठेवू नका. स्वस्त १४ एमएममध्ये रेषा मधे फुगते आणि कडांकडे जाताना पुन्हा उलटी वळते. समुद्राचं क्षितिज फ्रेमच्या वरच्या कडेजवळ ठेवून बघा, लगेच कळेल. सॉफ्टवेअरमधल्या साध्या सरकपट्टीने हे जात नाही, मधलं सरळ केलं की कडा बिघडतात. त्यासाठी त्या लेन्सचं प्रोफाइल, म्हणजे तिच्या वाकडेपणाची तयार नोंदच लागते. लाइटरूममध्ये बऱ्याच लेन्सची प्रोफाइल असतात. पैसे घालायचे नसतील तर डार्कटेबल आणि रॉथेरपी ही फुकट सॉफ्टवेअर लेन्सफन नावाचा साठा वापरतात, त्यातही मिळतात. प्रोफाइल लावल्यावर कडांचा थोडा भाग कापला जातो, म्हणून काढतानाच चहूबाजूंनी जागा सोडायची.

कॅमेऱ्याचं तोंड वर केलं की खांब आत झुकतात आणि दीपमाळ मागे पडते, ती गोष्ट निराळी. तो लेन्सचा दोष नव्हे. कॅमेरा क्षितिजाला समांतर धरला की रेषा उभ्या राहतात, मग खाली नको तेवढी फरशी येते. ती सरळ कापून टाकावी, नाहीतर फरशीवर काहीतरी बघण्यासारखं शोधावं. कुणी काढलेली रांगोळी, चपलांचा ढीग, झोपलेलं कुत्रं. मी बहुतेक वेळा कुत्रं शोधतो.

रात्रीच्या आकाशाला ही लेन्स फार मानवते. ताऱ्यांच्या रेघा न होता शटर किती वेळ उघडं ठेवता येतं, त्याला पाचशे भागिले फोकल लेंथ हा जुना ठोकताळा ३५ सेकंद सांगतो, पण आजच्या सेन्सरवर तेवढ्यात ताऱ्यांच्या रेघा होतात. मी २० सेकंद, एफ/२.८, आयएसओ ३२०० धरतो. आपल्याकडे पावसाळा आकाशगंगेचा मधला भाग ऐन बहरात असताना आडवा येतो. त्यामुळे मार्चमध्ये पहाटे आणि एप्रिल-मेमध्ये मध्यरात्रीच्या आसपास आग्नेयेला, नाहीतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अंधार पडताच नैऋत्येला. कोकणकड्यावरून पश्चिमेला मुंबई-कल्याणचा उजेड दिसतो, त्याला पाठ केलेली बरी.

अंधारात गच्चीवरच्या रेघेवरही मी पूर्ण भरवसा ठेवत नाही. थंडीत लेन्स किंचित आकसते, आणि एफ/२.८ ला चुकीला वाव कमी असतो. व्याध किंवा गुरू लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठा करायचा आणि ठिपका जास्तीत जास्त लहान होईपर्यंत रिंग हलवायची. एका बाजूने जाताना तो लहान होतो, मग फुगायला लागतो, तिथून केसभर मागे. मग टेप. त्यानंतर कुणी हेडलॅम्प लावून फ्रेममधून जाऊ नये एवढीच प्रार्थना, आणि गडावर शनिवारी ती ऐकली जात नाही. मध्यरात्रीनंतर फुगलेल्या काचेवर दव धरतं. दर थोड्या वेळाने टॉर्च तिरपी मारून बघायचं. लेन्सच्या गळ्याभोवती जुन्या मोज्यात हँडवॉर्मर गुंडाळला की पहाटेपर्यंत निभतं.

राहिला माणसांचा प्रश्न. मधोमध उभा असलेला माणूस छान येतो, कडेचा ताणला जातो. अगदी कोपऱ्यातलं डोकं कोपऱ्याच्या दिशेने त्याच्या रुंदीच्या पावणेदोनपट लांब होतं, कारण रेषा सरळ ठेवायच्या तर गोल वस्तू ताणाव्याच लागतात. हे कुठल्याही किमतीच्या १४ एमएमला चुकत नाही. चुलतभावाच्या साखरपुड्याला हॉल लहान होता आणि मागे सरकायला जागा नव्हती, म्हणून सगळ्यांचा आग्रह, "तुझी ती मोठी लेन्स काढ ना." काढली. पन्नास माणसं एका फोटोत बसली, सगळे खूश. रात्री फोटो ग्रुपवर पडल्यावर मावशीचा फोन, "अरे, माझं डोकं दुधीभोपळ्यासारखं कशानं आलंय?" मी कोनाचं गणित सांगायला लागलो. मावशी म्हणाली, "ते राहू दे. लग्नात मी मधे उभी राहणार, तुझ्या काकाला कडेला घाल."

लग्नात काकांना कडेला घातलं नाही. दोन्ही टोकांना केटररच्या रिकाम्या खुर्च्या ठेवल्या, आणि प्रिंट काढताना कापून टाकल्या.